गोळी दिली, तरी जंत परत का आले?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस ओळखीतल्या एक भाभी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या दवाखान्यात आल्या. हातात कागदाची पुडी होती. ती टेबलावर ठेवायलाही त्यांना संकोच वाटत होता. शेवटी त्यांनी ती उघडली. आत वीतभर लांब, पांढुरका, गांडुळासारखा जंत होता. सकाळी मुलाच्या शौचातून पडलेला.

"डॉक्टरसाहेब, एप्रिलमध्ये तुम्हीच गोळी दिली होती ना? तेव्हा दोन पडले होते. मग हा आता कुठून आला? गोळी नकली होती, की डोस कमी पडला?"

थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये शाळेत गोळी देणार होते. सासूबाई म्हणाल्या, या गोळ्यांनी पोराची ताकद जाते, अन् जंत काय पुन्हा होतातच. मोठा झाला की आपोआप जातील. म्हणून त्या दिवशी मी त्याला शाळेत पाठवलंच नाही."

खरे सांगायचे तर या प्रश्नांनी आम्हीच ओशाळलो. एप्रिलमध्ये आम्ही गोळी लिहून दिली आणि पुढचा पेशंट बोलावला. जंत आले कुठून आणि पुन्हा येऊ नयेत म्हणून काय करायचे, याबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. भाभींच्या बोलण्यात तीन शंका होत्या. गोळी कुचकामी आहे का? एकदा जंत होऊन गेले तरी शरीर त्यांना ओळखून अडवत का नाही? आणि मोठेपणी ते आपोआप जातात हे खरे का? या शंका त्यांच्या एकट्यांच्या नाहीत. म्हणून या महिन्याचे पान त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

गोळी काय करते, काय करत नाही

शाळेत आणि अंगणवाडीत मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी, ४०० मिलिग्रॅमची. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, त्यापुढे एक. ही गोळी पोटात गेली की जंताला साखर शोषून घेता येत नाही. त्याची उपासमार होते, तो सैल पडतो आणि शौचावाटे निघून जातो. अनेकदा तो दिसतही नाही, आणि मग "गोळीने काहीच पडले नाही" अशी तक्रार घेऊन लोक येतात.

आपल्याकडे मुलांच्या पोटात प्रामुख्याने मातीतून येणारे तीन जंत आढळतात. एक गोल जंत, भाभींच्या पुडीतला. दुसरा आकडी जंत, अर्ध्या इंचाएवढा, पण आतड्याला चिकटून रक्त पिणारा. तिसरा चाबकाच्या आकाराचा, मोठ्या आतड्यात डोके खुपसून बसणारा. गोल जंतावर एक गोळी फार चांगली चालते. शंभरात नव्वदहून जास्त मुलांचे पोट तिने साफ होते. आकडी जंतावरही ती बऱ्यापैकी काम करते. चाबूक जंतावर मात्र एका गोळीचा जोर कमी पडतो, म्हणून तो तपासणीत सापडला तर डॉक्टर तेच औषध तीन दिवस देतात. तेव्हा भाभींची गोळी नकलीही नव्हती आणि डोसही कमी नव्हता. एप्रिलमधले जंत एप्रिलमध्येच गेले होते.

पण दोन-तीन दिवसांत हे औषध शरीरातून निघून जाते. ते घर झाडून देते, दारात पहारा करत नाही. चौथ्या दिवशी मुलाच्या तोंडात जंताचे अंडे गेले, तर त्याला अडवणारे आत काही उरलेले नसते.

दुसरीही एक पळवाट आहे. गोल जंताचे अंडे पोटात गेले की त्यातून निघालेली बारीक अळी सरळ आतड्यात वाढत नाही. ती आतड्याची भिंत भेदते, रक्तातून यकृतात आणि तिथून फुफ्फुसात जाते, श्वासनलिकेतून वर घशाशी येते, पुन्हा गिळली जाते आणि मग आतड्यात मुक्काम करते. अंडे गिळल्यापासून मादी स्वतः अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. गोळीच्या दिवशी जी अळी फुफ्फुसाच्या वाटेवर असेल, ती बहुधा निसटते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे असा समज आहे की पोटात एक जंत राहिला तर त्याची पिल्ले होतात आणि पोट जंतांनी भरते. तसे होत नाही. हे जंत अंडी घालतात, पण ती अंडी पोटात फुटत नाहीत. ती शौचावाटे बाहेर जातात आणि मातीतच पिकतात. म्हणजे मुलाच्या पोटात पाच गोल जंत असतील, तर त्याने बाहेरून किमान पाच अंडी गिळलेली असतात. पन्नास असतील तर पन्नास. पोटातला प्रत्येक जंत बाहेरून आलेला पाहुणा आहे. भाभींच्या पुडीतला जंतही एप्रिलमधल्या जंतांचे पिल्लू नव्हता. तो नव्याने आला होता.

असे किती मुलांचे होते? जगभरातल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१२ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. औषध दिल्यावर गोल जंत असलेल्यांचे प्रमाण तीन महिन्यांनी मूळच्या २६ टक्क्यांवर, सहा महिन्यांनी ६८ टक्क्यांवर आणि वर्षाने ९४ टक्क्यांवर परत आले होते. समजा एका गावात शंभरातल्या ५० मुलांना गोल जंत होते. औषधानंतर तीन महिन्यांनी ते १३ मुलांना असतील, सहा महिन्यांनी ३४ आणि वर्षाने ४७. भाभींच्या मुलाचे पाच महिन्यांत पुन्हा जंत पडणे यात नवल काहीच नव्हते.

मग गोळीचा उपयोग काय? उपयोग आहे, कारण नुकसान जंतांच्या संख्येवर ठरते. एक-दोन गोल जंतांनी मुलाला फारसे काही होत नाही. पंचवीस-तीस झाले की पोट दुखते, भूक मंदावते, खाल्लेले अंगी लागत नाही. फारच झाले तर जंतांचा गुंता होऊन आतडे तुंबते आणि ऑपरेशनची पाळी येते. गोळी दर वेळी हा हिशेब शून्यावर आणते. पुन्हा जंत वाढायच्या आत दुसरी गोळी मिळाली की आकडा मोठा होतच नाही. म्हणूनच २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १० फेब्रुवारी व १० ऑगस्टच्या सुमारास १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी मोफत दिली जाते. भाभींनी ऑगस्टची गोळी चुकवली, तिथे हा हिशेब मोडला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. सरसकट सगळ्या मुलांना गोळी दिल्याने त्यांचे सरासरी वजन किंवा शाळेतली प्रगती किती वाढते, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. गोळीने मूल हुशार होईल असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्या पोटात जंतांचा भार आहे, त्या मुलाला ती मिळायलाच हवी, याबद्दल वाद नाही.

परसातली माती

आम्ही भाभींना विचारले, "घरी संडास आहे?"

"आहे की. तीन वर्षं झाली."

"सगळे तिथेच जातात?"

"हो, सगळेच. फक्त धाकटी दीड वर्षाची आहे. तिची शी परसात टाकते, उकिरड्याजवळ. तान्ही तर आहे."

परसात उकिरड्याला लागूनच मोरीचे पाणी जाते. त्या ओलीवर पुदिना आणि कोथिंबीर लावलेली. तिथेच पोरे गोट्या खेळतात. उत्तर तिथेच होते.

तान्ह्या मुलाच्या शौचाने काही होत नाही, हा समज आम्ही सगळ्या समाजांत पाहिला आहे. पण रांगणारे, चालू लागलेले मूल माती तोंडात घालते. त्याच्या पोटात जंत सर्वांआधी जातात आणि त्याच्या शौचातून अंडी परसात पडतात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ताजे अंडे कोणाला बाधत नाही. ओल्या, सावलीतल्या मातीत दोन-तीन आठवडे राहिले की त्यात अळी तयार होते, आणि मग ते कित्येक महिने, अनुकूल माती मिळाली तर काही वर्षेही तसेच दबा धरून राहते. कोरडे कडक ऊन आणि उकळते पाणी त्याला मारते. थंडी, मीठ, व्हिनेगर यांना ते दाद देत नाही. प्रयोगशाळेत तर ही अंडी फॉर्मेलिनमध्येही जिवंत ठेवतात. हात चोळायच्या सॅनिटायझरनेही ती मरत नाहीत. साबणाने चोळून, पाण्याने वाहून घालवणे हाच उपाय.

म्हणजे एप्रिलमध्ये आम्ही मुलाचे पोट साफ केले, पण परस तसाच राहिला. मुलाची स्वतःची मागच्या वर्षाची अंडी तिथे होती, धाकटीची ताजी भर रोज पडत होती. पावसाने ती सगळीकडे पसरली. गोट्या खेळलेल्या हाताने मुलाने भाकरी खाल्ली, पुदिन्याची चटणी खाल्ली, आणि जंत परत आले.

गोवर एकदा, जंत पुन्हा पुन्हा

आता दुसरी शंका. गोवर एकदा होऊन गेला की जन्मभर पुन्हा होत नाही. शरीर त्याला ओळखून ठेवते. मग दर वर्षी येणाऱ्या जंताला शरीर का ओळखत नाही?

गोवराचा विषाणू इतका बारीक असतो की आपल्या रक्तातल्या पेशी त्याला घेरून संपवू शकतात. गोल जंत वीतभर असतो. त्याला गिळणारी पेशी शरीरात नाही. म्हणून शरीर वेगळा मार्ग धरते. आतड्यात चिकट द्रव वाढवते, आतड्याची हालचाल वाढवते, आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी व आयजीई नावाची प्रतिपिंडे अळीच्या वाटेवर पाठवते. इओसिनोफिल वाढले असा रक्ताचा रिपोर्ट आला की डॉक्टर जंतांचा विचार करतात, तो यामुळेच.

पण जंतही मुरलेला आहे. हजारो वर्षे माणसाच्या पोटात राहून तो शरीराची ही फौज शांत कशी ठेवायची ते शिकला आहे. तो असे पदार्थ सोडतो की शरीराचा विरोध मंदावतो. त्यामुळे जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती येते, पण फार हळू येते, बरीच वर्षे घेते, आणि पूर्ण कधीच येत नाही. तिच्यामुळे जंतांची संख्या कमी होते, जंत येणे थांबत नाही. या जंतांवर माणसांसाठी वापरात असलेली लस अजूनही नाही.

त्यातही सगळी मुले सारखी नसतात. चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत सरोवर आहे. तिथल्या कोळ्यांच्या वस्तीत १९८० च्या दशकात संशोधकांनी लोकांना औषध दिले, कोणाच्या पोटातून किती जंत पडले ते मोजले, आणि काही महिन्यांनी पुन्हा औषध देऊन पुन्हा मोजले. दोन गोष्टी दिसल्या. बहुतेक जंत थोड्याच लोकांच्या पोटात होते. आणि पहिल्या खेपेला ज्यांच्या पोटात खूप होते, त्यांच्याच पोटात दुसऱ्या खेपेलाही जास्त निघण्याकडे कल होता. काहींचे शरीर जन्मतःच कमी विरोध करते, काहींचे घर-अंगणच तसे असते, बहुधा दोन्ही. म्हणून "शेजारच्या पोराला होत नाहीत, माझ्यालाच का?" असे म्हणणाऱ्या आईने मुलाला रागावू नये. त्याला गोळीची आणि देखरेखीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, एवढेच समजावे.

औषधाने ताकद जाते, की येते?

सासूबाईंचे म्हणणे होते की गोळीने पोराची ताकद जाते. औषधानंतर प्रतिकारशक्तीचे नेमके काय होते, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो आतड्यातल्या जंतावर नव्हे, तर रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या एका जंतावर. त्याचे नाव शिस्टोसोमा. त्याच्या आजाराला बिल्हार्झिया म्हणतात. नदी-तळ्याच्या पाण्यातल्या गोगलगायीतून त्याची अळी निघते आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरते. मुलांच्या लघवीतून रक्त जाऊ लागते. हा आजार मुख्यतः आफ्रिकेतला. पण आपल्या कोकणातही तो सापडला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात तो असल्याचे गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा वैद्यकीय जगाला आश्चर्य वाटले होते.

आफ्रिकेत या जंतावर प्राझिक्वांटेल नावाची गोळी देतात. केनिया, गांबिया, झिंबाब्वे इथे संशोधकांनी मुलांना ती गोळी दिली आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवले. पाण्यात तेवढेच उतरणारी मोठी माणसे लवकर पुन्हा आजारी पडत नव्हती. लहान मुले मात्र भराभर पुन्हा आजारी पडत. गांबियातल्या १९९१ च्या अभ्यासात दिसले की ज्यांच्या रक्तात या जंताविरुद्ध आयजीई जास्त, त्यांना पुन्हा लागण होण्याची शक्यता बरीच कमी. आणि हे आयजीई वयाबरोबर वाढत होते.

ते वाढते कसे? जिवंत जंत आपल्या अंगातले बरेच काही शरीरापासून लपवून ठेवतो. तो मरून फुटतो, तेव्हाच शरीराला त्याची खरी ओळख पटते. असा जंत आपल्या मरणाने मरायला काही वर्षे घेतो. म्हणून शरीराचा हा धडा वर्षानुवर्षे चालतो. गोळीने सगळे जंत एकदम मरतात, आणि तोच धडा शरीराला लवकर मिळतो. औषधानंतर काही मुलांच्या रक्तात मोठ्या माणसांसारखी प्रतिपिंडे दिसू लागली. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू शहर आहे. तिथे काही माणसे गुडघाभर पाण्यात उभी राहून गाड्या धुतात. त्यांना हा आजार पुन्हा पुन्हा होतो आणि पुन्हा पुन्हा गोळी द्यावी लागते. त्यांच्यातले काही जण अनेक वेळा औषध घेतल्यावर पूर्वीइतके लवकर आजारी पडेनासे झाले.

याचा अर्थ नीट घ्यायला हवा. गोळी म्हणजे लस नव्हे. लहान मुलाला एक-दोन गोळ्यांनी असे संरक्षण मिळत नाही, आणि रक्तातल्या जंताचा हा अनुभव आतड्यातल्या जंताला जसाच्या तसा लावता येत नाही. पण औषधाने शरीराची ताकद जाते, या भीतीला त्यात काही आधार नाही. उलट, "जंत राहू द्या, शरीर आपोआप शिकेल" असे म्हणणे म्हणजे शिकवणीची फी मुलाच्या रक्तातून आणि वाढीतून भरणे होय.

आणि मोठेपणी जंत आपोआप जातात का? यात अर्धे तथ्य आहे. गोल आणि चाबूक जंत पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त असतात, पुढे कमी होतात. काही अंशी शरीर शिकते म्हणून, काही अंशी माणूस मातीत खेळायचे सोडतो म्हणून. पण आकडी जंताचे तसे नाही. तो वयाबरोबर वाढत जातो. हे आम्हाला त्याच दिवशी, त्याच घरात दिसले.

दाराशी उभी राहिलेली मुलगी

धाकटीला कडेवर घेऊन एक तेरा वर्षांची मुलगी दाराशी उभी होती. मुलाची मोठी बहीण. एप्रिलमध्येही ती अशीच उभी होती आणि आम्ही तिच्याकडे पाहिले नव्हते. या वेळी तिला बोलावून नखे पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. दोन्ही पांढरीफटक. जिना चढून आली तर धाप लागते, असे ती हळूच म्हणाली. भाभी म्हणाल्या, "आळशी झालीय हल्ली, सारखी झोपते."

रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठच्याही खाली होते. शौचाच्या तपासणीत आकडी जंताची अंडी निघाली. हा जंत तोंडातून येण्याची गरज नसते. ओल्या मातीत उघड्या पायाने चालले की त्याची अळी कातडीतून शिरते. परसात धुणे-भांडी ही मुलगीच करत होती, अनवाणी. एक जंत दिवसाला थेंब-दोन थेंबच रक्त खातो, पण शंभर जंत वर्षभर राहिले तर त्या थेंबांची बेरीज मोठी होते. त्यात पाळी सुरू झालेली, जेवणात लोह कमी. आळस नव्हता तो. रक्त संपत आले होते.

सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. शाळा सुटली तशी फेब्रुवारी-ऑगस्टची गोळीही सुटली आणि किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळीही. शाळेत न जाणाऱ्या मुलामुलींना या गोळ्या अंगणवाडीत मिळतात, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. आम्हीही कधी सांगितले नव्हते. वाचकांच्या घरात अशी शाळा सुटलेली मुलगी असेल, तर एवढे एक काम याच आठवड्यात करा. अंगणवाडीताईंना भेटून तिचे नाव द्या.

घरात काय करायचे

गोळीच्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा. गोळी चावून खायची असते. अगदी लहान मुलाला कुस्करून पाण्यातून द्यावी, आख्खी गोळी घशात अडकू शकते. त्या दिवशी मूल आजारी असेल, तर गोळी थांबवून नंतरच्या राहिलेल्यांच्या फेरीत द्यावी. गोळीनंतर थोडी मळमळ, पोटदुखी किंवा एखादी उलटी झाली तर घाबरू नये. पोटात जंत जास्त असले की असे होते आणि ते लवकर थांबते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊ नये.

तान्ह्याची शी संडासातच टाका आणि नंतर साबणाने हात धुवा. सर्व सल्ल्यांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी.

आपल्या घरांत तहारतीची सवय लहानपणापासून लावतात, ही मोठी जमेची बाजू आहे. शौचानंतर पाणी वापरणे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण अंडे चिकट असते, नुसत्या पाण्याने ते निघेलच असे नाही. म्हणून लोट्याशेजारी साबणही हवा. वजूचे पाणी हातावरून जाते, तेवढ्याने हे काम होत नाही. जुम्याला मुलांची नखे कापायची पद्धत अनेक घरांत आहे. ती मोडू नका, नखाखालची माती हीच अंड्यांची जागा.

पालेभाजी, कोथिंबीर, पुदिना वाहत्या पाण्याखाली पानन् पान चोळून धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने अंडी मरत नाहीत. शौचाचा किंवा उकिरड्याचा संबंध येतो त्या जागी भाजी लावू नका. परसात, शेतात चप्पल घाला, धुणे-भांडी करणाऱ्या मुलींनी तर नक्कीच.

मूल रात्री शौचाची जागा खाजवत असेल, तर तो दोऱ्यासारखा बारीक सूतजंत. त्याला माती लागत नाही. त्याची अंडी काही तासांत तयार होतात आणि नखांवाटे, चादरीवाटे घरभर जातात. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळ्या घराने एकाच दिवशी औषध घ्यावे, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे आणि चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. गोड खाल्ल्याने जंत होतात, हे मात्र खरे नाही. गूळ-साखरेत जंत नसतो; तो मातीत असतो.

हे सगळे एका घराने केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर फायदा अर्धाच होतो. दक्षिण कोरियाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. १९७१ मध्ये तिथल्या पाहणीत सुमारे ८४ टक्के लोकांच्या पोटात कोणत्या ना कोणत्या जंताची अंडी सापडली होती. मग शाळेतल्या मुलांची वर्षातून दोनदा शौचतपासणी आणि औषध हा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्याबरोबर शेतात मैल्याचे खत टाकणे थांबले, संडास आले, राहणीमान सुधारले. १९९७ च्या पाहणीत तो आकडा अडीच टक्क्यांच्याही खाली होता. नुसत्या गोळीने हे झाले नसते, आणि गोळीशिवाय इतक्या लवकर झाले नसते.

भाभींच्या घरी त्या दिवशी तिन्ही मुलांना वयाप्रमाणे औषध दिले, मोठीला लोह सुरू केले. उकिरडा घरापासून लांब हलवला, पुदिना कुंडीत गेला. या फेब्रुवारीत तिघांनीही गोळी घेतली, मोठीने अंगणवाडीत. एप्रिलमध्ये मुलाची शौचतपासणी स्वच्छ आली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एखादा जंत पडणारच नाही, असे वचन आम्ही भाभींना दिलेले नाही. पण त्या मुलीचे हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले आहे, आणि ती आता दुपारी झोपत नाही.

आमच्यापुरता एक बदल आम्ही केला आहे. जंताची गोळी लिहिली की कागद लगेच देत नाही. आधी विचारतो, घरात अजून किती मुले आहेत, आणि त्यांतले शाळेत कोण जात नाही.